बिल किती ते सगळे लिहितात, पैसे कधी ते पण लिहून घ्या

आधी एक हिशोब बघू, बाकीचं नंतर. समजा तुम्ही कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीला कंट्रोल पॅनल बनवून दिला. बिल १,८०,००० अधिक १८ टक्के जीएसटी ३२,४००, एकूण २,१२,४००. माल म्हणजे कॉन्टॅक्टर, एमसीबी, केबल, पत्र्याचा बॉक्स वगैरे १,१०,००० चा आणि त्यावर जीएसटी १९,८००. पोरांची मजुरी ३५,०००. आता पुढच्या महिन्याच्या २० तारखेला तुम्हाला जीएसटी भरायचाय, ३२,४०० वजा १९,८०० म्हणजे १२,६००, आणि क्लायंटनं एक रुपया दिला नसला तरी तो भरायचाच, कारण जीएसटी बिलावर लागतो, पैसे जमा झाल्यावर नाही. म्हणजे क्लायंटकडून काही यायच्या आधी तुमचे १,७७,४०० बाहेर गेले. हे पैसे कुणाकडून शेकडा दोननं उचलले असतील तर महिन्याला ३,५४८ व्याज, आणि पेमेंट चार महिने लांबलं तर १४,१९२. या कामात तुमचा फायदा होता ३५,०००. त्यातले चाळीस टक्के नुसत्या व्याजात गेले, आणि क्लायंट म्हणणार की दिले की तुमचे सगळे पैसे, एक रुपया कापला नाही.

हे तरी फक्त व्याज झालं. शाहूपुरीतला दुकानदार पहिल्या महिन्यात काही बोलत नाही, दुसऱ्या महिन्यात माल देतो पण रेट कॅशचा लावत नाही, तिसऱ्या महिन्यात "मागचं जरा बघा की" म्हणतो आणि त्याच्यानंतर तुम्हालाच त्याच्या दारात जायला कसंतरी वाटतं. पोरांचा आठवड्याचा पगार एकदा चुकला की चांगला वायरमन दुसरीकडं जातो, हेल्पर तेवढा उरतो. मग भिशी तोट्यात उचलायची, घरातलं सोनं बँकेत ठेवायचं, पोरांच्या शाळेची फी पुढं ढकलायची. आणि सगळ्यात मोठं नुकसान तर कुठल्या वहीत दिसतच नाही, ते म्हणजे चांगलं काम चालून येतं आणि माल भरायला पैसे नाहीत म्हणून सोडावं लागतं. कामाला कमी नाही, हाताला कमी नाही, तरी माणूस तिथल्या तिथं राहतो. आपल्याकडं असे किती तरी चांगले कारागीर आहेत आणि ते बघून खरंच जीव तुटतो.

कोल्हापुरात धंदा ओळखीवर चालतो आणि ते चांगलंच आहे, ओळखीमुळंच पहिलं काम मिळतं. पण त्याच ओळखीमुळं "आपलाच माणूस हाय, पैसे कुठं जात्यात" म्हणून आपण कधी द्यायचे हे विचारतच नाही. आता उसाचं बघा. ऊस गेला की १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला ऊसदर, द्यायची आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे आणि त्या १४ दिवसांसाठी आपल्याच भागातला शेतकरी रस्त्यावर बसतो, गाड्या अडवतो, आणि बरोबर करतो. पण त्याच घरातला पोरगा उद्यमनगरात लेथ टाकतो, जॉबवर्क करतो, आणि स्वतःच्या बिलाला तारीख मागायला लाजतो. जो नियम उसाला तोच घामाला लावा. पुढं जे सांगतोय ते सगळं ह्या एका गोष्टीसाठी आहे, प्रत्येक टप्प्यावर तारीख कशी लिहून घ्यायची.

काम घ्यायच्या आधी

लेटरहेडवर दहा पानी ॲग्रीमेंट करा असं मी म्हणणार नाही, दोन लाखाच्या कामाला कोण करतंय. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपला एक मेसेज टाका:

"साहेब, आज बोलल्याप्रमाणे पॅनलचं काम १,८०,००० अधिक जीएसटी. ५० टक्के ॲडव्हान्स, ३० टक्के डिलिव्हरीला, राहिलेले बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत. ॲडव्हान्स जमा झाला की माल उचलतो. बरोबर असेल तर ओके करा."

समोरून नुसतं "ओके" आलं तरी तो कागद झाला. तो मेसेज स्टार करून ठेवा, आणि मोबाईल बदलताना चॅट उडणार नाही याची काळजी घ्या. मोठी कंपनी असेल तर पीओ म्हणजे परचेस ऑर्डर येते, आणि पीओ आला की लोक फक्त रेट आणि क्वांटिटी बघतात, खाली बारीक अक्षरात "पेमेंट ९० डेज" लिहिलेलं असतं ते वाचत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे "आमच्या कस्टमरकडून पेमेंट आल्यावर" असली ओळ. तिचा अर्थ त्यांचा धंदा बुडाला तर तुम्ही पण बुडा. ही ओळ काढून घ्या, परचेसवाल्याला सरळ सांगा की साहेब ह्याला तारीख टाका. बऱ्याच वेळा तो टाकून देतो, कारण ती ओळ जुन्या फॉरमॅटमधून तशीच आलेली असते, कुणी मुद्दाम लिहिलेली नसते.

ॲडव्हान्स मागितला तर काम जाईल ही भीती सगळ्यांना असते. माझं मत स्पष्ट आहे, मालाएवढा ॲडव्हान्स द्यायला जो तयार नाही त्याच्याकडं तुमचं बिल निघतानाच भांडवल नाहीये, तिथं बाकीच्या पैशाचं काय होणार हे आधीच कळलं. नवीन पार्टी असेल तर तिथं आधी काम केलेल्या दोघा-तिघांना फोन लावा, एमआयडीसीत कोण कसा आहे हे अर्ध्या तासात कळतं.

घरगुती काम असेल तर टप्पे करा. स्लॅबमध्ये पाइप टाकली की एक हप्ता, वायर ओढून झाली की एक हप्ता, आणि बोर्ड-फिटिंग लावायच्या आधी मोठा हप्ता. शेवटचा हप्ता इतका छोटा ठेवा की तो राहिला तरी तुमची मजुरी सुटलेली असावी, कारण वास्तुशांत झाली की घरमालकाचे पैसे पण संपलेले असतात आणि घाई पण. डिझाइनवाले, फोटोवाले यांनी प्रिंटची फाइल किंवा अल्बम पेमेंट झाल्यावर द्यायचा, तोपर्यंत वॉटरमार्कवाला नमुना. मंडळाचं डेकोरेशन, साउंड असेल तर विसर्जनाच्या आधी, आणि इलेक्शनच्या बॅनरचे पैसे निकालाच्या आधी, ह्याला खरंच दुसरा उपाय नाही.

माल देताना

इथं लई जण घाई करतात. पॅनल टेम्पोत घातला, गेटवर उतरवला, चालू करून दिला, चहा घेतला आणि आले. मग चार महिन्यांनी पैसे मागायला गेलं की "तुमचा तो रिले पहिल्यापासून ट्रिप होतोय" हे ऐकायला मिळतं. म्हणून डिलिव्हरी चलन दोन कॉपीत न्या, गेटच्या सिक्युरिटीकडून इनवर्डचा शिक्का आणि नंबर तुमच्या कॉपीवर घ्या, आणि काम चालू करून दिल्यावर मेंटेनन्सवाल्याची एका ओळीवर सही घ्या, "पॅनल चालू स्थितीत ताब्यात मिळाला", खाली नाव, तारीख, जमलं तर शिक्का. मग त्या सहीचा आणि चालू पॅनलचा फोटो काढून त्याच व्हॉट्सॲपवर टाका.

ह्या सहीला एवढं महत्त्व का, तर एमएसएमईचा, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे २००६ चा, त्यात असं आहे की माल किंवा सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत समोरच्यानं लेखी तक्रार केली नाही तर त्यानं ती स्वीकारली असं धरलं जातं. चार महिन्यांनी आठवलेला रिले तिथं चालत नाही. अर्थात खरंच काही बिघडलं असेल तर पळत जाऊन दुरुस्त करून द्या, आणि दुरुस्त केल्याची पण सही घ्या.

बिल त्याच दिवशी काढा. महिनाअखेरीला सगळी बिलं एकदम काढायची सवय बऱ्याच जणांना आहे, त्यात तुमचे स्वतःचेच वीस-पंचवीस दिवस जातात. बिलावर पीओ नंबर, चलन नंबर, इनवर्ड नंबर, बँक डिटेल्स, उद्यम नंबर (एमएसएमई म्हणून सरकारी नोंदणीचा) आणि ठळक अक्षरात देय तारीख टाका. "३० दिवस" लिहिण्यापेक्षा तारीखच लिहा, "देय दिनांक १४ मार्च" असं, म्हणजे कुठून मोजायचं हा वाद राहत नाही.

फोन कुणाला आणि काय विचारायचं

मालकाला फोन करून काही होत नाही, मालक "हो हो, सांगतो अकाउंटला" म्हणतो आणि विसरतो. कंपनीत बिलाचे तीन टप्पे असतात, बिल सिस्टीमला चढलंय का, पास झालंय का, आणि पेमेंटच्या लिस्टला लागलंय का. हे तीन प्रश्न अकाउंटवाल्याला वेगवेगळे विचारा. "पेमेंट कधी" विचारलं की उत्तर येतं "बघू की, पुढच्या आठवड्यात". "बिल पास झालंय का" विचारलं की त्याला सिस्टीम उघडावी लागते आणि खरं कुठं अडकलंय ते कळतं. बऱ्याचदा अडकलेलं असतं ते स्टोअरनं माल जमा दाखवला नाही म्हणून, आणि ते एका चकरेत सुटतं. त्यांचे पेमेंटचे दिवस कोणते तेही विचारून ठेवा, पुष्कळ ठिकाणी महिन्यातून दोनदाच पेमेंट सुटतात आणि तुमचा फोन त्याच्या दुसऱ्या दिवशी गेला तर पंधरा दिवस गेले.

पहिला फोन तारीख उलटल्यावर नाही, तारखेच्या आठवडाभर आधी करा. तेव्हा तो वसुलीचा फोन वाटत नाही, आवाज पण मोकळा असतो. तारीख गेली की दुसऱ्याच दिवशी मेसेज, "साहेब, बिल नंबर अमुक, देय तारीख कालची होती. कोणत्या तारखेला जमा होईल तेवढं कळवा." प्रत्येक वेळी नवी तारीख मागा, आणि फोनवर सांगितली तर फोन ठेवल्या ठेवल्या "आत्ता बोलल्याप्रमाणे २२ तारखेला" असं लिहून पाठवा.

अडकलेला माणूस आणि टाळणारा माणूस यात फरक करायला शिका. इथल्या बऱ्याच फाउंड्रीचा माल पुण्याच्या मोठ्या गाडी कंपन्यांना जातो, वरून पेमेंट लांबलं की खाली सगळ्यांचंच लांबतं. पंचगंगेचं पाणी चढलं की, २०१९ ला आणि २०२१ ला तर हायवेच बंद झाला होता, तेव्हा माल पण अडकतो आणि पैसे पण. अशा वेळी जो खरा असतो तो फोन उचलतो, थोडे का होईना पाठवतो, पुढची तारीख स्वतः सांगतो. त्याला हप्ते पाडून द्या, तो उद्या तुमच्या उपयोगाला येईल. टाळणारा फोन उचलत नाही आणि रंकाळ्यावर भेटला की खांद्यावर हात टाकून बोलतो.

मागचं थकलेलं असताना नवीन काम आलं तर "मागचं क्लिअर करा, पुढच्याचा ॲडव्हान्स द्या, उद्या माणसं पाठवतो" एवढंच वाक्य बोला, चढ्या आवाजात नाही. एका पार्टीकडं तुमच्या सगळ्या महिन्याच्या खर्चापेक्षा जास्त थकू द्यायचं नाही, कितीही जुनी ओळख असली तरी.

एक गोष्ट मात्र करू नका. पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या प्रोग्रामला टाइम लॉक टाकून ठेवायचा आणि पैसे नाही आले की लाइन बंद पाडायची, असं करणारे आहेत. फाउंड्रीत वितळलेला धातू असतो, खाली माणसं उभी असतात. पैशासाठी कुणाचा जीव धोक्यात घालायचा नाही, आणि केस पण तुमच्यावरच होईल.

कायद्यातलं कामाचं तेवढं

उद्यम रजिस्ट्रेशन नसेल तर आजच करा, सरकारी पोर्टलवर आधारवर होतं आणि फुकट असतं, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. काम घ्यायच्या आधी रजिस्ट्रेशन हवं, नंतर केलेलं जुन्या बिलांना लागू करताना वाद होतो. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटीपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटीपर्यंत मशिनरीतली गुंतवणूक असेल तर सूक्ष्म उद्योग, त्यामुळं आपण बहुतेक सगळे त्यात बसतो. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या ट्रेडर्सना मात्र उशिराच्या पेमेंटचं हे संरक्षण नाही.

रजिस्ट्रेशन असलं की लेखी मुदत ठरली असेल तर त्या तारखेला, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. पीओत ९० दिवस लिहिलं तरी कायद्याला ४५ च मान्य. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. त्याच्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. बँक रेट साडेपाच असेल तर साडेसोळा टक्के.

पण खरं सांगू का, व्याजाला कुणी घाबरत नाही, अकाउंटवाला घाबरतो ते टॅक्सला. तिथं दोन गोष्टी आहेत. एक, इन्कम टॅक्समधली ४३बी-एच म्हणून ओळखली जाणारी तरतूद, २०२३ च्या फायनान्स ॲक्टनं आलेली. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच धरता येतो, म्हणजे ३१ मार्चला तुमचं मुदत उलटलेलं बिल बाकी राहिलं की त्यांना तेवढ्या रकमेवर त्या वर्षी टॅक्स बसतो. म्हणून फेब्रुवारीतच उद्यम सर्टिफिकेट आणि बाकी बिलांची यादी मेल करा, मार्चच्या शेवटी सगळेच मागे लागतात. दोन, जीएसटी. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत तुम्हाला पैसे दिले नाहीत तर त्यांनी घेतलेलं क्रेडिट, म्हणजे तुमच्या बिलावरचा जीएसटी त्यांनी स्वतःच्या जीएसटीतून वजा केलेला असतो तो, व्याजासकट परत करावं लागतं. पाच महिने झाले की "साहेब, १८० दिवस होत आलेत, क्रेडिट रिव्हर्स करायला लागेल" एवढा एक मेसेज. सभ्य भाषा, आणि धमकी पण नाही.

आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरचा स्वतःचा टीडीएसचा उतारा, ज्याला २६ एएस म्हणतात, तो बघत जा. तिमाही रिटर्न गेल्यावर तुमच्या नावावर टीडीएस दिसत असेल तर तुमचं बिल त्यांच्या पुस्तकात चढलेलं आहे. मग "बिल मिळालंच नाही" हे कारण चालत नाही, स्क्रीनशॉट पाठवून द्या.

तरी नाही आले तर

उशिराच्या पेमेंटसाठी एमएसएमई मंत्रालयाचं जे ऑनलाइन पोर्टल आहे त्यावर तक्रार टाका, ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडं, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी समितीकडं जाते. पीओ, चलन, सहीचा फोटो, बिल, मेसेज सगळं अपलोड करायचं. कायद्यात ९० दिवसांत निकाल म्हटलंय, प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, पण नुसती नोटीस गेली तरी काही जण बोलवून सेटल करतात. निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि त्यांना त्याला आव्हान द्यायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, ही आपली मोठी ताकद आहे. अडचण असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा. साइटवर माल आणि मजुरी एकत्र असलेलं काम, ज्याला वर्क्स काँट्रॅक्ट म्हणतात, त्याच्यावर मात्र कोर्टात वाद होतात आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल विरोधात पण गेलाय. त्यामुळं पॅनल बनवून देणं आणि साइटवरची वायरिंग ही खरोखर वेगळी कामं असतील तर पीओ पण वेगळे घ्या, आणि मोठी रक्कम असेल तर सीए आणि वकिलाला आधी विचारा.

चेक दिला असेल आणि बाउन्स झाला तर दिवस मोजायला लागा. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाकायचा, रिटर्न मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस, आणि तरी नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. "दोन दिवस थांबा, परत टाका" असं म्हणत म्हणत ते ३० दिवस घालवणारे असतात. परत टाकायचा तर टाका, पण मेमोची तारीख कॅलेंडरला लावून ठेवा.

जुनी बिलं असतील तर तीन वर्षांची मुदत बघा, देय तारखेपासून तीन वर्षं गेली की दिवाणी दावा करता येत नाही. ती संपायच्या आधी त्याच्याकडून बाकी मान्य असल्याची सही घेतली, किंवा थोडी रक्कम बँकेतून आली, तर तीन वर्षं पुन्हा नव्यानं मोजली जातात. त्यासाठी दरवर्षी एप्रिलमध्ये खातेउतारा पाठवून "३१ मार्च अखेर बाकी बरोबर आहे" असं सही-शिक्क्यानिशी मागायचं, सगळ्यांकडून, जे वेळेवर देतात त्यांच्याकडून पण, म्हणजे कुणाला वेगळं वाटत नाही आणि अकाउंटवाला ऑडिटचा कागद समजून सही करून देतो.